छापलेला गंज

आज दुपारी पुण्यातल्या एका नव्या कॅफेत गेलो होतो. समोरच्या भिंतीवर साबणाच्या जाहिरातीची एक ‘जुनी’ पाटी होती. कडांना तांबूस गंज, मधोमध ओरखडे. सवयीने तिच्यावर बोट फिरवले, तर सगळे गुळगुळीत! गंज चक्क छापलेला होता. विचारल्यावर मालक तरुण अभिमानाने म्हणाला, “काका, व्हिंटेज आहे.” अर्धी कॉफी तशीच टाकून मी उठलो.

खरी एनॅमलची पाटी बोटाला कळते. लोखंडी पत्र्यावर काचेच्या भुकटीचा थर देऊन तो सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजतात आणि पुढच्या रंगासाठी पुन्हा भट्टीत घालतात. त्यामुळे त्यावरचे अक्षर बोटाला किंचित उठलेले लागते. ती काच असल्यामुळे कित्येक पावसाळे काढूनही निळा रंग निळाच राहतो. गंज धरतो तो खिळ्याच्या भोकाभोवती किंवा टवका उडून पत्रा उघडा पडतो तिथे. अक्षरे नीट वाचता यावीत अशा बेताने गंजणारी पाटी मी तरी पाहिलेली नाही.

वाईला आमच्या आजोबांचे किराणा दुकान होते. दाराशेजारी चहाची एक पाटी होती, निळ्यावर पांढरी अक्षरे. ‘च’ आणि ‘ह’ मी शाळेत जाण्याआधी तिच्यावरच गिरवले. तिचा खालचा डावा कोपरा तेवढा टवके उडून काळा पडलेला होता, कारण रात्री दुकान बंद करताना आजोबा शेवटची फळी लावण्यापूर्वी क्षणभर तिथे टेकवत आणि कुलूप शोधत. त्या कोपऱ्यात त्यांची सगळी वर्षे होती. कारखान्यात हजारो पाट्यांवर एकसारखा छापलेला गंज कोणाच्या फळीने पडला, हे त्या तरुणाला विचारायला हवे होते.

नवी पाटी टांगणे हा काही गुन्हा नव्हे, आणि मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर खऱ्या पाटीचे जे दाम सांगतात ते कॅफेवाल्याला परवडणार नाहीत, हेही मान्य. मग नवी म्हणून टांगा ना! खोटे म्हातारपण कशाला?

पण इथवर लिहिल्यावर राग त्या मुलावर टिकत नाही. खऱ्या पाट्या गेल्या कुठे? आपणच घालवल्या. घराघरांतून अडगळ म्हणून निघालेले दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्री दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवल्या, अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि सुमारे वीस हजार वस्तूंचा तो ठेवा १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. आपण मात्र पाहुणे आले की त्यांना तिथे नेतो आणि घरी परतून माळा रिकामा करायला भंगारवाल्याला हाक मारतो.

‘आपण’ हा शब्द मी सोयीने वापरला. आजोबा गेल्यावर दुकान रिकामे करताना ती पाटी मीच काढली. खिळे निघेनात म्हणून पहारीने उचकटली, तेव्हा वरचा आणखी एक टवका उडाला आणि मला त्याचे काहीही वाटले नाही. तेलाच्या रिकाम्या डब्यांबरोबर ती वजनावर गेली. आलेल्या पैशांत आम्ही भावंडांनी बसस्टँडवर उसाचा रस प्यायलो. आजी पायरीवर बसून होती. “राहू दे की रे ती,” एवढेच तिने म्हटले होते, तेही एकदाच.

आता रविवारी जमेल तेव्हा जुन्या बाजारात चक्कर टाकतो. निळी पाटी दिसली की अक्षरे नंतर, आधी खालचा डावा कोपरा बघतो. गेल्या रविवारी एक चहाचीच मिळाली, आकारही तोच. कोपरा धड होता. परत ठेवून दिली.