‘विषाणू तो विषाणूच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘चिकित्सक’,

जनुकोपचारात वाढू न शकणाऱ्या विषाणूला ‘वाहन’ करून औषध, म्हणजे चांगलं जनुक, पेशीपर्यंत कसं पोचतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी तिचा गोषवारा देतो. तुम्ही म्हणता, “विषाणू तो विषाणूच. आत गेला की वाढायचा तो वाढणारच, त्याचं ‘वाहन’ म्हणून बारसं केल्याने काही बदलत नाही.” शिवाय झोल्जेन्स्मा या बाळांच्या आनुवंशिक स्नायूदुर्बलतेवरच्या जनुक-औषधाच्या अमेरिकेतल्या मान्यतेचं साल चुकलं, १९९९च्या एका चाचणीतला मृत्यू मी एका ओळीत उरकला आणि किमतीबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवटी, “कंपन्यांची माहितीपत्रकं मराठीत उतरवणाऱ्यांनी लोकांच्या जिवाशी खेळू नये.”

साल चुकलं, हे खरं. मान्यता मे २०१९ची, मी २०१८ लिहिलं होतं. दुरुस्त केलं आहे. आभार.

पण ते शेवटचं वाक्य मला लागलं, आणि ते लपवणार नाही. लेखात मी कुठल्या कंपनीची शिफारस केली, ते एक वाक्य दाखवा. चौदा वर्षं व्हेक्टरच्या, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या या विषाणूंच्या, बॅचेस काढण्यात आणि नापास करण्यात गेली आहेत. माहितीपत्रक उतरवायला मला दुसऱ्याचं लागत नाही. तुमचं म्हणणं तुम्ही साध्या शब्दांत विचारलं असतंत तर मी तितक्याच साधेपणाने उत्तर दिलं असतं.

आता “वाढणारच” याबद्दल. हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? लेखात ज्याच्याबद्दल सर्वाधिक लिहिलं तो एएव्ही (ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस) निसर्गातसुद्धा एकट्याने वाढू शकत नाही. त्याला त्याच पेशीत ॲडिनोव्हायरस किंवा हर्पीससारखा जोडीदार लागतो, त्याचं नावच त्यावरून पडलं. कवच साधारण २५ नॅनोमीटरचं, आत जेमतेम ४,७०० अक्षरांचा डीएनए. त्यात मुख्य जनुकं दोन, रेप (डीएनएच्या प्रती काढणारं) आणि कॅप (कवच बनवणारं), आणि दोन्ही टोकांना १४५-१४५ अक्षरांचे आयटीआर, म्हणजे टोकांच्या खुणा. व्हेक्टर करताना रेप आणि कॅप दोन्ही काढून टाकतात. आयटीआर तेवढे राहतात आणि त्यांच्यामध्ये प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग), उपचाराचं जनुक आणि पॉली-ए शेपटी (जनुकाच्या शेवटाची खूण) बसते.

हे काढलेले भाग परत आत शिरत का नाहीत, हेही सांगतो, कारण शंका तिथेच असायला हवी. एचईके-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींमध्ये तीन वेगवेगळी प्लाझ्मिडं (डीएनएची छोटी वर्तुळं) एकाच वेळी सोडतात. एकावर आयटीआरच्या मधलं उपचाराचं जनुक, दुसऱ्यावर रेप आणि कॅप, तिसऱ्यावर ॲडिनोव्हायरसची मदतनीस जनुकं. पेशी तिन्ही वाचते, कवचं बांधते, पण कवचात भरला जातो तो आयटीआर असलेलाच तुकडा. रेप आणि कॅपला आयटीआर नाहीत, म्हणून ते बाहेर राहतात. क्वचित प्लाझ्मिडांमध्ये अदलाबदल होऊन रेप-कॅपला आयटीआर चिकटू शकतात. म्हणून असा वाढू शकणारा एएव्ही तयार झाला आहे का, याची वेगळी चाचणी असते.

साधारण तीन दिवसांनी पेशी फोडतात, न्यूक्लिएज (डीएनए कापणारं एन्झाइम) घालून मोकळा डीएनए संपवतात आणि कवचाला धरून ठेवणाऱ्या ॲफिनिटी कॉलममधून कवचं पकडतात. खरी डोकेदुखी यानंतरची, रिकाम्या कवचांची. पुष्कळ कवचांत डीएनए भरलेलाच नसतो. भरलेलं कवच जड असतं आणि त्याचा विद्युतभारही थोडा वेगळा असतो, म्हणून अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये अतिवेगाने फिरवून किंवा आयन-एक्स्चेंज कॉलमवर ती वेगळी करतात. मात्रा मात्र पीसीआरने आतला डीएनए मोजून ठरते, कवचं मोजून नव्हे. निम्मी कवचं रिकामी राहिली तर कागदावर मात्रा तीच दिसते, पण रुग्णाच्या प्रतिकारशक्तीसमोर दुप्पट प्रथिन उभं राहतं. लेखात हे यायला हवं होतं असं तुम्ही म्हणाला असतात तर मी मान डोलावली असती.

म्हणजे धोका आहेच, पण तो वाढण्यातून येत नाही. एका दमात किती कवचं आत जातात आणि कुठे जातात यावर तो ठरतो. तुम्ही पुढे केलेला १९९९चा मृत्यू तुमच्याच वाक्याच्या विरोधात जातो. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या त्या चाचणीत अठरा वर्षांच्या जेसी गेल्सिंगरला यकृताच्या धमनीतून सुमारे ३८ लाख कोटी ॲडिनोव्हायरस कण दिले गेले आणि चार दिवसांत तो गेला. तो व्हेक्टर वाढू न शकणाराच होता. कवचांच्या त्या लोंढ्यावर प्रतिकारशक्ती पेटली आणि एकेक अवयव निकामी झाला.

आता लक्सटर्ना हे आनुवंशिक अंधत्वावरचं एएव्ही औषध पाहा. डोळ्याच्या पडद्याखाली ०.३ मिलिलिटर, एका डोळ्याला १५ हजार कोटी व्हेक्टर जीनोम, म्हणजे भरलेली कवचं. झोल्जेन्स्मा शिरेतून तासाभरात देतात, किलोमागे ११० लाख कोटी. पाच किलोच्या बाळाला हे डोळ्याच्या मात्रेच्या साडेतीन हजार पटींहून जास्त होतं. म्हणून आधी एएव्ही९विरोधी (झोल्जेन्स्मातल्या एएव्हीविरोधी) अँटिबॉडी तपासतात. त्यांचं प्रमाण १:५०च्या वर असेल तर सहसा थांबतात. आदल्या दिवसापासून रोज किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेड्निसोलोन हे स्टेरॉइड, ते निदान तीस दिवस, आणि यकृताचे आकडे उतरले तरच हळूहळू कमी. यकृताची एएलटी, एएसटी, रक्तातल्या प्लेटलेट, हृदयाचं ट्रोपोनिन पाहत राहायचं. स्टेरॉइड लवकर तोडलं की यकृताची एन्झाइम्स उसळतात. यकृत निकामी होऊन बाळं दगावली आहेत. दिलेलं परत काढता येत नाही, आणि एकदा अँटिबॉडी तयार झाल्या की दुसरी मात्राही देता येत नाही. यातलं काहीही माझ्या लेखात दडवलेलं नाही. त्या लेखाचा शेवटून तिसरा परिच्छेद पाहा.

तुम्हाला कडक प्रश्न विचारायचाच होता तर तो जनुकसंचात स्वतःला गोवणाऱ्या व्हेक्टरबद्दल विचारायचा. पॅरिसच्या नेकर रुग्णालयातल्या एससीआयडी-एक्स१ (जन्मतः प्रतिकारशक्ती नसण्याचा आजार) चाचणीत मुलांच्या पेशी बाहेर काढून रेट्रोव्हायरसने दुरुस्त केल्या, तेव्हा तो एलएमओ२ या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकाशेजारी जाऊन बसला आणि विषाणूच्या एन्हान्सरने (जनुकाचा जोर वाढवणाऱ्या भागाने) ते जनुक चालू झालं. काही मुलांना ल्युकेमिया झाला. इथेही विषाणू वाढला नाही, वाढली ती पेशी. नंतर टोकांतले एन्हान्सर कापलेले लेंटिव्हायरस (रेट्रोव्हायरसचाच एक गट) आले. त्यांनीही धोका शून्य झाला नाही, मेंदूच्या आनुवंशिक आजारावरचं स्कायसोना हे लेंटिव्हायरसचं औषध घेतलेल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला आहे. पण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया ‘ए’च्या पाच रुग्णांच्या मूळ पेशींत लेंटिव्हायरसने रक्त गोठायला लागणाऱ्या फॅक्टर आठचं जनुक घातलं, आणि २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत उपचारानंतर पाचही जणांना रक्तस्राव झाला नव्हता. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं नेक्सकार१९ हे रक्ताच्या कर्करोगावरचं पेशी-औषध लेंटिव्हायरसवरच उभं आहे. या सगळ्यांना एका वाक्यात “विषाणू तो विषाणूच” म्हणणं मला मान्य नाही.

किंमत हा माझ्या लेखाचा विषय नव्हता. त्यावर वाद घालायला इथे जागा नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, शब्दही बदललेला नाही. रिकाम्या कवचांचा परिच्छेद मूळ लेखात आज रात्री जोडतो. पुढच्या वेळी “वाढणारच” लिहाल तेव्हा कोणता व्हेक्टर, कोणती चाचणी, तेही लिहा. मग बोलू.