तंजावर दीड तासात होत नाही

आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर एका टूरचा कार्यक्रम आला. मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी, आणि वाटेत तंजावर. वेळ दीड तास, चहासकट. त्याखाली मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, लिहिलं, "दीड तास बास झाला. एक देऊळ तर आहे. आपले राजे होते तिथे, तेवढा एक फोटो काढू." त्यावर भगवे झेंडे, अंगठे, जोडलेले हात. दिवसभर डोक्यातून गेलं नाही म्हणून आता लिहायला बसले.

एक देऊळ तर आहे! अरे, ते बृहदीश्वराचं देऊळ 1010 साली पुरं झालं. राजराजा चोळाने बांधलेलं, 60 मीटरहून उंच शिखर, सगळं ग्रॅनाइटचं. बरं, उंचीचं राहू द्या, उंची काय गाडीतूनही दिसते. त्या देवळाच्या भिंतीवर राजराजाने 400 नर्तकींची यादी कोरून घेतली आहे. कोण कुठल्या देवळातून आली, कुठल्या आळीत राहते, तिला किती धान्य मिळायचं, सगळं. नावानिशी. हजार वर्षांपूर्वी एका राजाला नाचणाऱ्या बाईचं नाव दगडात राहावंसं वाटलं, आणि आपण त्या भिंतीकडे पाठ करून सेल्फी काढतो.

आता "आपले राजे". शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे गेले आणि 1855 पर्यंत ती गादी चालली. अभिमान वाटतोच, मलाही वाटला. देवळाच्या आवारात 1803 साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतलाय. तमिळ मुलखात भिंतीवर आपली भाषा दिसली की गळा दाटून येतो. पण ते राजे तिथे नुसते झेंडा लावून बसले नाहीत ना! व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे, त्यांनी मराठीसोबत तेलुगूत नाटकं रचली. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, छापखाना काढला, मराठी पुस्तकं छापली, पाश्चात्त्य वाद्यं दरबारात आणली. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत ज्या क्रमाने चालतो, तो बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच दरबारातले. ते राजे त्या मातीचे झाले, तिथलं ऐकलं, तिथलं शिकले, म्हणून त्यांचं नाव राहिलं. आपण त्यांचे वारस म्हणवतो आणि दीड तासात निघतो.

मला तंजावर म्हटलं की राजवाड्याआधी एक वीणेचा कारखाना आठवतो. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. जमिनीवर फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा. आमच्या कोकणात फणसाचं लाकूड म्हणजे पाट आणि दारं, तिथे त्याच लाकडाला गाता येतं. एक म्हातारे कारागीर मांडी घालून बसले होते, वीणेवर पडदे, म्हणजे सुरांच्या जागा ठरवणाऱ्या आडव्या कांड्या, बसवण्याचं काम चाललं होतं. काळं मेण गरम करून दांडीच्या दोन्ही कडांना लावायचं आणि त्यात पितळी पडदे एकेक करून रुतवायचे. 24 पडदे. पट्टी नाही, यंत्र नाही. तार छेडायची, कान लावायचा, पडदा केसभर सरकवायचा, परत छेडायची. एका पडद्यापाशी ते इतका वेळ अडले की मला वाटलं काही बिघडलंय. बिघडलं काहीच नव्हतं. त्यांच्या कानाला पटत नव्हतं, एवढंच.

त्यांची मुलगी इंग्रजीत सांगत होती. आम्ही महाराष्ट्रातले म्हटल्यावर ती म्हणाली, तुमच्याकडचे लोक पुष्कळ येतात. वीणेला हात लावून फोटो काढतात. वाजवून दाखवा असं कुणी म्हणत नाही.

हे ऐकून मला कानकोंडं झालं. ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून तर जास्त.

आणि आपलं त्या गावाशी नातं आहे ते कानाचंच आहे हो! 19व्या शतकात मोरगावकर बुवा आपलं कीर्तन घेऊन तंजावरला गेले. ते ऐकून कृष्ण भागवतरांनी तिथली हरिकथा नव्याने घडवली. आपली साकी, दिंडी, ओवी, अभंग तिथल्या भागवतरांच्या, म्हणजे कथेकऱ्यांच्या, तोंडी गेले. कुणीतरी कुणाचं तरी बसून ऐकलं, म्हणून हे झालं. आणि आम्ही? "वाजवून दाखवा" एवढे दोन शब्द आमच्या तोंडून निघत नाहीत.

तिथून 13 किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. ते तर टूरच्या कागदावर नावालाही नाही. कावेरीच्या काठी त्यागराजांची समाधी, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार. सरफोजीराजांनी दरबारात बोलावलं तरी ते गेले नाहीत असं सांगतात. ती समाधी पडझडीला आलेली, तिचं देऊळ बांधलं बंगळूर नागरत्नम्मांनी, आपल्या पैशाने. देवदासी घराण्यातली बाई. त्या काळी आराधनेत, म्हणजे त्यागराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवात, बायकांना गायला मज्जाव होता, तर तिने बायकांची वेगळी आराधना सुरू केली आणि शेवटी हक्क मिळवला. राजराजाच्या भिंतीवरच्या त्या 400 जणींनंतर कितीतरी शतकांनी परत एका बाईला त्याच मुलखात आपली जागा भांडून घ्यावी लागली. मी तिथे घाटावर बसले होते तेव्हा मेट्टूर धरणाचं पाणी सुटलेलं होतं, कावेरी दोन्ही काठ भरून चाललेली, पलीकडे केळी आणि नुकती लावणी झालेली हिरवीगार भातखाचरं. एक बाई मुलीला पायरीवर बसवून हातावर ताल द्यायला शिकवत होती. मुलगी चुकत होती, आई परत पहिल्यापासून. कुणालाही घाई नव्हती.

हो, मान्य. वयस्कर आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला रजा मोजून मिळते आणि उन्हाळ्यात त्या आवारात पाय भाजतात. पण मग रामेश्वरच्या वाटेवर शॉपिंगला अडीच तास ठेवलेत ते कसे? तो कागद मी नीट वाचलाय.

दादा, तू हे वाचशीलच. रागावू नकोस, पण तू लहानपणी गणपतीत आजोबांच्या पेटीपाशी तासन्‌तास बसायचास, हे मला माहीत आहे. तुझ्यासारख्याने त्या कारागिराच्या दारावरून बसने पुढे जावं याचं मला खरंच वाईट वाटतं. ते अजून काम करतात की नाही, ठाऊक नाही. मुलगी म्हणत होती, मेणाचं काम शिकायला आता फारसं कुणी येत नाही.

तर ग्रुपवर मी लिहिलंय, तंजावरला दोन रात्री मुक्काम ठेवत असतील तरच पैसे भरा. नाहीतर आपले आपण जाऊ. पौष वद्य पंचमीला आराधना असते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती, म्हणजे त्यांच्या पाच रचना, म्हणतात, जमिनीवर बसून कुणालाही ऐकता येतं. तिरुचिरापल्लीला उतरायचं, पुढे रेल्वेने. त्या दिवसांत राहायची सोय आधी बघावी लागेल. ज्यांना खरंच यायचंय त्यांनी खाली नाव टाका, मी या आठवड्यात चौकशी करते.