आधी अंदाज, मग बीपी
फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं हे शिकवणाऱ्या विषयात, लेक्चर कमी करून मुलांनाच प्रश्न सोडवायला लावा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. मी पुण्यात पहिल्या वर्षाच्या एमबीबीएसच्या मुलांना हा विषय शिकवते. मागच्या महिन्यात सकाळी सहाला १० मुलांना पर्वती टेकडीच्या पायथ्याशी बोलावलं. आधी प्रत्येकाने कागदावर लिहायचं: १०३ पायऱ्या भरभर चढल्यावर नाडीचं काय होईल, बीपीचं काय होईल? जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, वरचं वाढेल, खालचंही वाढेल.

वर पोचल्या पोचल्या एकेकाच्या दंडाला पट्टा बांधला. एका मुलीची नाडी ७२ वरून १३० वर गेलेली, वरचं बीपी वाढलेलं, खालचं मात्र चक्क थोडं उतरलेलं. "मॅडम, मशीन बिघडलंय का?" झालं, तिथेच कट्ट्यावर वाद पेटला! काम करणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताला होणारा विरोध घटतो, म्हणून खालचं बीपी उतरतं, हे अर्ध्या तासात त्यांनीच शोधून काढलं. मी फक्त प्रश्न विचारत होते. अंदाज आधी लिहून घेणं मात्र सोडू नका, नाहीतर ती नुसती सहल होते.

एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमाने लेक्चरला जेमतेम एक तृतीयांश वेळ ठेवलाय. पण शिक्षक पुरेसे हवेत, ते लेखात आलं नाही. मी पूर्वी जिथे होते तिथे 'छोट्या गटातली चर्चा' म्हणून ५० मुलं एका खोलीत बसवायचे. मागच्या बाकांवरची मुलं वर्षभर एक शब्दही बोलली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.