रेसकोर्स ठेवा किंवा बंद करा, पण ट्रॅकचा हिशेब द्या

महालक्ष्मी रेसकोर्सबद्दल गेली काही वर्षं जे काही बोललं जातंय, त्यात दोनच बाजू ऐकू येतात. एक बाजू म्हणते, श्रीमंतांच्या जुगारासाठी मुंबईच्या मधोमध एवढी जमीन कशाला? बाग करून टाका. दुसरी म्हणते, हा शहराचा वारसा आहे, हात लावू नका. मी सात रस्त्याला राहते, या मैदानात सकाळी चालायला जाते, मोसमात रेसही बघते, आणि मला दोन्ही बाजूंचा राग येतो. दोघांच्याही बोलण्यात घोडा कुठेच नसतो. तो ज्या पट्ट्यावर पळतो ती जमीन नसते, आणि पहाटे अंधारात उठून त्याला खरारा करणारा माणूसही नसतो. पोस्ट लांबणार आहे, पण हा विषय दोन ओळींत मावणारा नाही.

आधी झालंय काय ते सांगते. इथे १८८३ पासून शर्यती होतात. जमिनीचा काही भाग महापालिकेचा, बाकीचा राज्य सरकारचा, आणि रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब तिथे भाडेपट्ट्याने. तो भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ नवा करार नव्हता आणि शर्यती मात्र चालू होत्या. मधल्या काळात थीम पार्कपासून काय काय सुचवून झालं. शेवटी २०२४ मध्ये तोडगा निघाला : २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक बागेसाठी, ९१ एकर क्लबकडे, मुदत २०५३ पर्यंत. क्लबच्या सदस्यांनी त्या वर्षी जानेवारीत मतदान करून याला मान्यता दिली. कोस्टल रोडच्या कडेची १७५ एकर जागा जोडून जवळपास ३०० एकरांचं सेंट्रल पार्क करायचं ठरलं.

या तोडग्याला माझा विरोध नाही. लोअर परळच्या गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आम्ही इथेच राहून पाहिलंय. त्यामुळे १२० एकर मोकळी जागा तिकीट न काढता सगळ्यांना मिळणार असेल तर ते हवंच आहे. मला खुपतात ती मधली कराराविना गेलेली वर्षं. जागा उद्या राहणार की जाणार हेच ज्याला माहीत नाही, तो जमिनीखालच्या निचऱ्यावर पैसे घालत नाही, तबेले नव्याने बांधत नाही. सरकार निर्णय टाळत राहिलं की अशी जागा हळूहळू आतून खिळखिळी होते, आणि मग ‘बघा, यांना सांभाळता येत नाही’ असं म्हणायला सगळे मोकळे.

आता ट्रॅककडे येते, कारण माझ्या मते खरा विषय तिथे आहे.

रेसचा घोडा साधारण साडेचारशे ते पाचशे किलोचा. भरधाव पळताना त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास जातो. त्या वेगात एखाद्या क्षणी सगळा भार एकाच पायावर येतो आणि तो त्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. तो पेलणारं खालच्या पायाचं हाड बघितलंत तर ते जाडीला आपल्या मनगटाएवढं. जमीन कडक असेल तर धक्का सरळ त्या हाडात जातो. फार भुसभुशीत असेल तर पाय रुततो आणि स्नायुबंध ताणले जातात. सगळ्यांत धोक्याची जमीन म्हणजे एका फर्लांगात (साधारण दोनशे मीटर) घट्ट आणि पुढच्या फर्लांगात मऊ, कारण घोडा पाऊल टाकताना मागच्या पावलाच्या भरवशावर टाकतो.

आपल्याकडे रेस गवतावर होतात. त्यामुळे गवताची मुळं किती खोल गेली आहेत, खाली पाणी मुरतं की साचतं, आदल्या रात्री पाणी किती मारलं, रेस झाल्यावर उखडलेली ढेकळं हाताने परत बसवली की नाही, आतला कठडा सरकवून झिजलेल्या पट्ट्याला विश्रांती दिली की नाही, या सगळ्यावर घोड्याचा आणि वर बसलेल्या जॉकीचाही जीव अवलंबून असतो. पुण्यात तर मोसम जुलै ते ऑक्टोबर, म्हणजे ऐन पावसात. तिथे ट्रॅक सांभाळणं आणखी कठीण.

ट्रॅकचा कडकपणा मोजायला पेनेट्रोमीटर नावाचं साधं उपकरण असतं. ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडायचं आणि दांडी जमिनीत किती रुतते ते बघायचं. तो आकडा आपल्याकडेही जाहीर होतो, घोड्यावर पैसे लावणारे तो आवर्जून बघतात. पण त्या मोसमात या ट्रॅकवर किती घोडे जायबंदी झाले, किती गेले, कुठल्या वळणावर, रेसमध्ये की सकाळच्या सरावात, ट्रॅक त्या दिवशी कसा होता, हे सगळं एका जागी मांडलेलं मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. पैसे लावणाऱ्याला उपयोगी पडेल तो आकडा मिळतो आणि घोड्यासाठी जो महत्त्वाचा तो मिळत नाही, हे मला पटत नाही.

अमेरिकेत हा हिशेब मांडायला लागले तेव्हा काय घडलं ते बघण्यासारखं आहे. लॉस एंजेलिसजवळ सांता अनिता नावाचा प्रसिद्ध रेसकोर्स आहे. डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका मोसमात तिथे ३० घोडे मेले. त्या हिवाळ्यात पाऊस धो-धो पडला होता आणि मुख्य ट्रॅक मातीचा. मार्चमध्ये रेस थांबवल्या, रडार लावून जमिनीचे थर तपासले, देशभर आरडाओरडा झाला. पुढे सरकारी चौकशीत असं दिसलं की मेलेल्या बहुतेक घोड्यांच्या हाडांत आधीपासूनच दुखणं होतं. म्हणजे एकटा ट्रॅक दोषी नव्हता. दुखऱ्या पायाच्या घोड्याला पळवायची घाई, तपासणीतली ढिलाई आणि भिजलेली जमीन, हे सगळं एकत्र आलं होतं. पण हे कळलं कशामुळे? प्रत्येक मृत्यूची नोंद होती, शवविच्छेदन होत होतं, आणि लोक विचारत होते म्हणून.

तिथे २००९ पासून देशपातळीवर नोंद ठेवतात. त्या वर्षी रेसमध्ये घोडा उतरण्याच्या दर हजार खेपांमागे दोन घोडे दगावत होते. मग कायदा झाला, राष्ट्रीय प्राधिकरण आलं, जुलै २०२२ पासून ट्रॅकच्या सुरक्षिततेचे नियम बहुतेक राज्यांत सारखे लागू व्हायला लागले. २०२४ मध्ये त्या प्राधिकरणाखालच्या ट्रॅकवर हे प्रमाण हजारामागे ०.९० वर आलं. शून्य नाही, आणि एकही घोडा माणसाच्या करमणुकीसाठी मरू नये असं कोणी म्हणालं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण निम्म्याहून खाली आलं, ते मोजल्यामुळे आलं.

त्याच अमेरिकेतली दुसरी गोष्ट मात्र मला फार अस्वस्थ करते. मेणाचा हात दिलेली वाळू आणि कृत्रिम तंतू यांचं मिश्रण वापरून सिंथेटिक ट्रॅक करतात. तिथल्या नोंदींत मातीच्या ट्रॅकपेक्षा त्यावर घोडे दगावण्याचं प्रमाण कमी दिसतं. असे ट्रॅक केलेल्यांपैकी तीन मोठे रेसकोर्स बघा : हॉलीवूड पार्क, शिकागोजवळचा आर्लिंग्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठचा गोल्डन गेट फील्ड्स. पहिला २०१३ मध्ये बंद झाला, तिथे आज स्टेडियम आहे. दुसरा २०२१ मध्ये, ती जमीन अमेरिकन फुटबॉलच्या संघाने विकत घेतली. तिसरा जून २०२४ मध्ये. ट्रॅक घातक होता म्हणून यांतला एकही बंद झाला नाही. जमिनीचा भाव आणि धंद्याचं गणित पुढे आलं आणि त्यापुढे चांगला ट्रॅक कोणी मोजला नाही. रेसकोर्स बंद केला म्हणजे घोडे वाचले असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ते घोडे उरलेल्या ट्रॅकवर गेले.

तरीही, बंद होणं म्हणजे आपोआप अन्याय असंही मी मानत नाही. बंद करण्याची रीत असते. सिंगापूरचा टर्फ क्लब १८४२ पासूनचा. सरकारने जून २०२३ मध्ये सांगितलं की क्रांजीच्या रेसकोर्सची १२४ हेक्टर जागा घरांसाठी आणि इतर कामांसाठी हवी आहे. शेवटची रेस ५ ऑक्टोबर २०२४ ला. मधे सोळा महिने मिळाले. रेस थांबल्यावरही घोडे सांभाळायला आणि परदेशी पाठवायला पुढचा दीड वर्षाचा अवधी ठेवला. लोक रडले, रागावले, पण कोणाचा घोडा रस्त्यावर आला नाही. मकावला १५ जानेवारी २०२४ ला घोषणा आणि १ एप्रिलला तिथल्या रेस क्लबचा करार संपला. अडीच महिने. तरी घोडे हलवायला पुढचं वर्ष होतं.

आणि आपल्याकडे? चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सचा १९४५ चा ९९ वर्षांचा भाडेपट्टा होता, १६० एकर, भाडं वर्षाला सहाशे-काही रुपये. ते भाडं आजच्या काळात कोणालाही पटणार नाही, सरकारने वाढवलं ते योग्यच. वर्षानुवर्षं कोर्टात भांडण झालं, थकबाकी ७३० कोटींच्या वर गेली. ९ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी अधिकारी पोलीस बंदोबस्तात आले आणि दरवाजांना सील ठोकलं. घोडे तबेल्यातच होते. पुढे तिथे पुराचं पाणी साठवायला तळी खोदायला घेतली. चेन्नईला त्या तळ्यांची गरज आहे हे मी मान्य करते. उटीतही त्याच वर्षी रेसकोर्सची जागा थकबाकीवरून परत घेतली. पण ज्यांनी भाडं थकवलं ते वेगळे आणि सील लागल्यावर ज्यांचं काम गेलं ते वेगळे. सईस म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, सरावात घोडा पळवणारे रायडिंग बॉय, नाल ठोकणारे नालबंद, गवत आणणारे, ट्रॅकवर पाणी मारणारे. यांच्या नावाने कुठलाही करार झालेला नसतो, म्हणून यांना नोटीसही कोणी देत नाही.

मुंबईने हे आधी एकदा बघितलंय. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या. घोड्यांचे हाल बघवत नव्हते, निर्णय बरोबरच होता. पण गाडी बंद करणं आणि गाडीवाल्याची, घोड्याची सोय लावणं ही दोन कामं आहेत, आणि आपल्याकडे पहिलं झालं की काम संपलं असं धरतात.

जुगाराबद्दलही बोलते, नाहीतर कोणी कमेंटमध्ये विचारेलच. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलंय. तो कायद्याचा मुद्दा झाला. घोड्यांपायी घरं धुऊन निघालेली मी आमच्या चाळीतच पाहिली आहेत, त्यामुळे त्यावर कडक कर असावा याला माझी ना नाही. पण पैजेच्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लावल्यावर पैज थांबेल असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या भागातल्या कुठल्याही पानटपरीपाशी तासभर उभं राहावं. पैज मोबाईलवर आणि बेकायदा बुकीकडे जाते. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत पैजखिडकीवर, आलेल्या पैशातून काही वाटा ट्रॅककडे, तबेल्याकडे, बक्षिसांकडे जातो. बुकीच्या पैशातून गवताची काडीसुद्धा येत नाही.

म्हणून महालक्ष्मीबद्दल मला जे वाटतं ते स्पष्ट लिहिते. क्लबला सार्वजनिक जमिनीवर २०५३ पर्यंत राहायला मिळालंय. त्या बदल्यात त्याने दरवर्षी जखमी आणि मेलेल्या घोड्यांची संख्या, ट्रॅकची रोजची मोजणी आणि निवृत्त घोडे कुठे गेले याची यादी जाहीर करावी. पुण्यासाठीही हेच. रेस खेळणारा घोडा चार-सहा वर्षं पळतो आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं जगतो. ती वर्षं तो कुठे घालवतो हे आपल्याला विचारायचा हक्क आहे, कारण जमीन आपली आहे.

महापालिकेलाही तितकंच विचारायला हवं. बागेखाली क्रीडासंकुल आणि वाहनतळ बांधायच्या योजना पुढे आल्या आहेत. स्लॅबवर चार फूट माती टाकून लावलेली झाडं आणि जमिनीत मुळं गेलेली झाडं यांत फरक आहे. या भागात पावसाचं पाणी मुरायला उरलेली ही मोठी जागा आहे, आणि शेजारीच ९१ एकरांत घोडे सराव करणार आहेत. खोदकाम किती वर्षं चालेल, धूळ आणि हादरे ट्रॅकपर्यंत जातील का, तबेले कधी आणि कुठे हलणार, तोवर सईसांनी राहायचं कुठे, हे आराखड्याच्या रंगीत चित्रांत मला सापडलं नाही. मोकळी जागा म्हणून मिळालेली जमीन मोकळीच राहावी, वरूनही आणि खालूनही.

मुंबईचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी क्लबने गेल्या मोसमाचे आकडे छापले तर फार बरं होईल. त्यासाठी ना मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, ना कोर्टाची.

ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात सईसाचं, नाल ठोकण्याचं किंवा ट्रॅकवरचं काम चालत आलं असेल, तर कृपा करून खाली लिहा. तबेले हलवण्याबद्दल तुम्हाला कोणी काही सांगितलंय का, आणि काय सांगितलंय, ते तुमच्याकडूनच कळायला हवं.