बसच्या आकाराचा लघुग्रह

"तुम्ही रोज ते आकाशाचं वाचता ना? मग एवढी मोठी बातमी शेजाऱ्याला सांगू नये?" लिफ्टमध्ये काकांनी मला चारचौघांत झापलं. मोबाइलवर 'बसच्या आकाराचा धोकादायक लघुग्रह' येऊन पडला होता.

"किती अंतरावरून जातोय?"

"ते नाही दिलेलं. वेग दिलाय! ताशी ५० हजार किलोमीटर!"

तेवढा वेग लघुग्रहांना असतोच, म्हटलं. शिवाय 'संभाव्य धोकादायक' या वर्गात बसायला दोन अटी असतात : कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या ७५ लाख किलोमीटरच्या आत यायला हवी, आणि आकार साधारण १४० मीटर तरी हवा. बस त्यात बसत नाही.

"मग खरा धोकादायक कुठला?"

इथं मी उत्साहात अपोफिसचं नाव घेतलं. १३ एप्रिल २०२९, पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटर, भूस्थिर उपग्रहांच्याही आतून. पण धडकणार नाही. 'पण'च्या आधीच लिफ्टचं दार उघडलं होतं. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर संदेश : "आपल्याच बिल्डिंगमधील तज्ज्ञांनी तारीख कन्फर्म केली आहे." खाली सतरा हात जोडलेले.

काकांना तरी काय बोलायचं? आकाराचे आकडेच असे देतात. दुर्बिणीला दिसते ती चमक. पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो ते माहीत नसतं. मोठा काळपट दगड आणि लहान उजळ दगड सारखेच चमकतात, म्हणून आकार '४० ते ९० मीटर' असा येतो. मथळ्यात ९० तेवढा उरतो.

त्याहून संताप येतो तो टक्केवारीचा. '२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ला पृथ्वीवर धडकण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली, आणि दगड जणू रोज थोडा थोडा नेम धरतोय असं लोकांना वाटलं. नेम वगैरे काही नाही. त्या दिवशी तो कुठे असू शकेल, याचा एक लांबलचक पट्टा निघतो. निरीक्षणं वाढली की पट्टा आखडतो. पृथ्वी अजून त्यात असेल तर तिचा वाटा वाढतो, म्हणून आकडा चढतो. पट्टा पृथ्वीवरून सरकला की आकडा कोसळतो. तसा तो काही दिवसांतच कोसळलाही.

पुढेमागे पृथ्वीवर धडकण्याची थोडीही शक्यता असलेल्या लघुग्रहांची नासाची 'सेंट्री' यादी असते. तिच्यातून वगळलेल्या लघुग्रहांचीही एक यादी असते, वगळल्याच्या तारखेसकट. ती कुणी फॉरवर्ड करत नाही.