‘दिसेल तो रूळ बार्शी लाईटचा!’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा टेप घेऊन घराबाहेर पडलो. गावोगावी सापडणाऱ्या जुन्या रुळांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शाळेत घंटा म्हणून टांगलेला तुकडा बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या रुळाचा नाही, मीटरगेजच्या रुळाचा आहे, विहिरीवरची तुळई मुळात रूळच नाही, साधा गर्डर आहे, आणि असलं लिहून मी लोकांच्या मागे पोलीस लावून देतोय. पी-वेत, म्हणजे रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या खात्यात, जन्म काढलेल्या माणसाशी वाद घालायला जीव कचरतो, पण तिन्ही मुद्दे सारखे नाहीत.

घंटेबाबत तुम्ही बरोबर, मी चूक. लेख लिहिताना मी नुसता डोळ्यांनी अंदाज केला होता. परवा जाऊन मोजलं. पायाची रुंदी १०० मिलिमीटर, उंची १०४ च्या आसपास, डोकं थोडं झिजलेलं. म्हणजे ‘५० आर’ प्रकारचा रूळ; वाराला (तीन फुटांना) ५० पौंड. बार्शी लाईट १८९७ साली सुरू झाली तेव्हा ती बांधणाऱ्या इंजिनियर कॅलथ्रॉपसाहेबाने वाराला ३० पौंडाचे रूळ घातले होते, कारण त्याचा सगळा हिशेबच एका आसावर ५ टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही हा होता. तो रूळ हातात घेतला तर खेळण्यातला वाटावा. खात्रीसाठी आम्ही घंटा उतरवून पोषण आहाराचा तांदूळ मोजायच्या काट्यावर ठेवली. दीड फूट लांबीला अकरा किलो भरली. ३० पौंडी असती तर सातच्या आत आटोपली असती. मुलांनी तेवढ्यात मधली सुट्टी वाढवून घेतली, तो भाग वेगळा.

आता घंटा कुठल्या लाईनवरची? ५० पौंडी रूळ मीटरगेजवर होता तसा नॅरोगेजवरही होता. त्यामुळे ‘ही बार्शीची’ हे माझं वाक्य मागे घेतो, पण तुमचं ‘ही मीटरगेजचीच’ हेही मान्य करत नाही. मापावरून जात कळते, गाव कळत नाही. टांगायची तार ज्या भोकातून ओवली आहे ते भोक मात्र फिशप्लेटच्या, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या, बोल्टचंच. गोल, साफ, ड्रिलने पाडलेलं. म्हणजे हे रुळाचं टोक. दुसऱ्या बाजूला गॅसकटरचे ओघळ आहेत, ते बहुतेक भंगारवाल्याचे.

विहिरीबाबत मात्र मी ठाम आहे. तुम्ही फोटोवरून बोललात, मी तुळईखाली पालथा पडून पाहिलंय. गर्डरच्या पट्ट्या वर-खाली सपाट आणि रुंद असतात. इथे दोन्हीकडे गोलसर, जाड डोकं आहे. हा दुतोंडी रूळ. जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) सुरुवातीच्या मार्गांवर असले रूळ लोखंडी खुर्च्यांत, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या बैठकांत, बसवलेले असायचे. वरचं तोंड झिजलं की उलटं करून खालचं वापरायचं, अशी ती काटकसरी कल्पना. घरी चादर उलटी करतो तशी. पण गाड्यांच्या दणक्याने खालचं तोंड खुर्चीत बसून बसून खचायचं आणि उलटा केलेला रूळ खडखडायचा. म्हणून पुढे खालचं तोंड लहान ठेवलेला ‘बुलहेड’ रूळ आला. आमच्या तुळईला खालच्या बाजूने, अडीच-तीन फुटांच्या अंतराने, चार-चार बोटं रुंद खोलगट ठसे आहेत. बोट फिरवलं की लागतात. गर्डरला असे ठसे कोण पाडणार? जीआयपी १८६० साली सोलापूरला पोहोचली आणि ही विहीर त्या लाईनपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर आहे. यापलीकडे मी काही म्हणत नाही.

इतर वाचकांसाठी एक सांगतो. रुळाच्या पोटावर, म्हणजे डोकं आणि पाय यांच्या मधल्या उभ्या भागावर, उठावाची अक्षरं असतात: कारखाना, वजन, साल, पुष्कळदा महिना रोमन आकड्यात. गंजात काही दिसत नाही. तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरंच जातील. सुक्या कापडाने पुसा, खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा. ‘टिस्को’ (टाटांचा पोलाद कारखाना) वाचता आलं तर रूळ जमशेदपूरचा आणि १९१२ नंतरचा, कारण तिथलं पोलाद त्या साली निघालं. मात्र साल रूळ कारखान्यात तयार झाल्याचं असतं, लाईन टाकल्याचं नाही. मुख्य मार्गावर वीस-तीस वर्षं झिजलेला रूळ साईडिंगला, म्हणजे बाजूच्या मार्गाला, जातो, तिथून लिलावात, तिथून गोठ्यावर.

पोलिसांचं म्हणाल तर रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्धचा १९६६ चा कायदा मला माहीत आहे. पण रेल्वे स्वतःच भंगार लिलावात विकते आणि आजोबांच्या वेळची पावती घरात कुणी जपत नाही. तरी तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, म्हणून कालच लेखातली दोन्ही गावांची नावं काढून टाकली.

तुळईच्या पोटाची एक बाजू भिंतीत चिणलेली आहे, अक्षरं असतील तर तिकडेच. मालक यंदा उन्हाळ्यात ती भिंत उतरवणार आहेत. तुम्ही येणार असाल तर मला आधी कळवा, त्यांना थांबायला सांगतो. येताना तुमच्याकडचा रूळ मोजायचा गेज घेऊन या, माझा टेप शिंप्याचा आहे.