पाण्याचा दिवस सोडून

मार्च संपता संपता पुण्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, यंदा मे महिन्यात सगळ्यांनी मिळून ॲक्टिव्ह हॉलिडे करायचा. डोंगरातलं एखादं मस्त तळं बघून ठेवा. कयाकिंग, ट्रेकिंग, सायकलिंग. नुसतं जेवून लोळायचं नाही."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते घरात सगळ्यांना कळलं. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत एकोणतीस वर्षं स्टोअरचा हिशेब सांभाळतोय. मे महिन्यात पत्र्याखाली बसून भट्टीच्या झळा घेणाऱ्या माणसाला सुट्टी म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. जेवायचं, लोळायचं, चहाला उठायचं आणि चहा बरा असेल तर पुन्हा लोळायचं. सुट्टी घेऊन दमायचंच असेल तर कामावर दमलेलं काय वाईट? निदान पगार तरी मिळतो.

पण माझ्या आधी हिनंच "होय रे, जाऊया की" म्हणून टाकलं होतं. आतून आईचा आवाज आला, "तळं कशाला पाहिजे? किल्ल्याजवळ हाय की एक."

"आई, डोंगरातलं पाहिजे त्याला."

"मग आपण काय खड्ड्यात राहतोय?"

आईचा मुद्दा खोटा नव्हता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे. रात्री फोनवर बघितलं तर थंड हवेचं ठिकाण म्हणून जग जिथं जातं ती आंबोली 690 मीटर. दांडेली पाचशेच्याही खाली. हिडकल धरण काठोकाठ भरलं तरी 2175 फूट. थोडक्यात, डोंगरातलं तळं गाठायला आम्हाला डोंगरावरून उतरायला लागणार होतं, आणि चढ सगळा येताना, पोट भरलेलं असताना. मी हे आकडे पुतण्याला कळवले. तो म्हणाला, "काका, असं बघायचं नसतं. फील बघायचा."

दुसऱ्या दिवशी त्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. आज्जीला वाचता यावं म्हणून नाव मराठीत ठेवलं, 'लेक फायनल'. अर्ध्या तासात निपाणीहून हिच्या मावशीचा मेसेज आला, "अभिनंदन! मुलगा काय करतो?" पाठोपाठ खानापूरच्या आत्तीनं हळदी-कुंकवाचे, नारळाचे, नवरा-नवरीचे असे सगळे इमोजी पाठवले. कोल्हापूरच्या एका काकांनी तर "पत्रिका छापायच्या आधी एकदा विचारायचं होतं" असं लिहून रुसायलाही सुरुवात केली. आमची लेक चोवीस वर्षांची, एमएस्सी करतेय. तिनं ते वाचलं, काही न बोलता ग्रुप सोडला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी काय केलं होतं?

ग्रुपचं नाव बदललं, पण तळं काही ठरेना. आता त्यात नवल काय म्हणा. आम्ही कुठल्या राज्यात असावं हे 1956 पासून ठरायचंय. दावा 2004 साली सुप्रीम कोर्टात गेला, तोही अजून तिथंच आहे. अशा मुलखात कुठल्या तळ्याला जावं हे चार दिवसांत कसं ठरणार?

मेहुणा निपाणीचा, तंबाखूच्या व्यापारातला. त्याचं मत तिलारीला पडलं. "दाजी, रात्री घाटमाथ्यावर राहायचं, सकाळी दरीत ढग बघायचे. नाद नाही करायचा." तिलारी घाटाची वळणं मी एकदाच एसटीतून बघितली आहेत, तीही बहुतेक डोळे मिटून. शिवाय तिथं हत्ती आहेत. ते आपल्या बाजूचेच. 2002 साली कर्नाटकाच्या जंगलातून निघाले आणि दोडामार्गात उतरून तिथलेच झाले. त्यांना कुणी रहिवासी दाखला मागितला नाही, भाषा कुठली म्हणून विचारलं नाही. मला त्या हत्तींचा थोडा हेवाच वाटतो, पण म्हणून त्यांना भेटायला जावं असं वाटत नाही.

पुतण्याचं म्हणणं सुपा. गणेशगुडीला काळी नदीवर एकशे एक मीटर उंचीचं धरण आहे, मागं डोंगरांत शिरलेलं अफाट पाणी, आणि धरणाच्या खाली राफ्टिंग. त्यानं आईला व्हिडिओ दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली.

"हे सुपा? माझी मावसबहीण दिली होती तिथं. घर, परसू, फणसाची दोन झाडं, सगळं ह्या पाण्याखाली गेलं. पुढं रामनगरला आली ती माणसं. तू काय तिच्या परसात होडी चालवणार?"

पुतण्या गप्प झाला. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं ते गाव ऐंशीच्या दशकात बुडालं, हे त्याच्या व्हिडिओत नव्हतं. त्यातलं निळं पाणी तेवढं बघायचं असतं. थोड्या वेळानं आईच म्हणाली, "जा बापडे. फणसाचं झाड दिसलं तर सांग."

मग हिनं गणित मांडलं. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. आमच्यात ही, आई, लेक आणि शेजारच्या अक्का धरून चार शून्य तिकिटं. वेंगुर्ला रोडनं तिलारीला गेलं तर बाची सुटलं की शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. तिथं एसटीत बायकांना अर्धं तिकीट पडतं. "अहो, तळं कर्नाटकातलंच बघा," ही म्हणाली. ज्या घरात एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधल्याशिवाय चहा होत नाही, त्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं. मी आईकडं बघितलं. आई शेंगा सोलत होती. "तिकीट तिकिटाच्या जागी," ती म्हणाली, "सीमाप्रश्न सीमाप्रश्नाच्या जागी."

ठरलं, सुपा. रिसॉर्टवाल्याला फोन लावला तर ही मधेच फोन हिसकावून घेऊन विचारू लागली, "बाथरूमला पाणी असतंय न्हवं?"

"मॅडम, समोर धरण आहे."

"ते नाही विचारलं मी."

हा प्रश्न बेळगावकराशिवाय कुणाला कळायचा नाही. आमच्या घरापासून राकसकोपचं तळं तासाभराच्या आत. चारी बाजूंनी डोंगर, पलीकडं लगेच चंदगड तालुक्यातलं तुडये. पूर्ण भरलं की पातळी 2475 फूट, म्हणजे आंबोलीपेक्षा उंच. इथल्या मराठी पेपरात राकसकोपची पातळी छापून येते आणि आमचे वडील निधन वार्तांच्याही आधी ती वाचायचे. "अर्धा फूट गेलं," असं म्हणून ते उसासा टाकायचे तेव्हा आम्हा मुलांना वाटायचं नात्यातलंच कुणीतरी आजारी आहे. एवढं जवळचं तळं, पण ते आमच्याकडं येणार आठ दिवसांतून एकदा, नळानं. उन्हाळ्यात कधी नवव्या दिवशी, कधी दहाव्या. वेळ रात्री दोनपासून दुपारी चारपर्यंत कुठलीही. शहराच्या काही भागात 2008 पासून चोवीस तास पाणी आहे. त्या भागातल्या मुलांना स्थळं पटापट येतात, हे मी गमतीनं सांगत नाही.

तर आता तारीख. एप्रिलमध्ये जाणं शक्यच नव्हतं, गावोगाव महालक्ष्मीच्या यात्रा. एका यात्रेचं जेवण चुकवलं तर ते पाव्हणे पुढची बारा वर्षं बोलत नाहीत. मग शिवजयंती. आमच्याकडं ती वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक सोडून गावाबाहेर गेलेल्या माणसाला गल्लीत तोंड दाखवता येत नाही. मग हिच्या माहेरची तीन लग्नं. मेअखेरीस आमच्या शाळा उघडतात. पुण्याच्या मुलांची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत, पण त्यांना मेच्या पहिल्या आठवड्यात कसलातरी रोबोटचा वर्ग. सगळं वजा केल्यावर मेच्या तिसऱ्या आठवड्यातले तीन दिवस उरले. त्यातला कुठला दिवस पाण्याचा, ते ब्रह्मदेवाला आणि व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाला ठाऊक.

"मागच्या वेळी मंगळवारी आलं. आठव्या दिवशी आलं तर बुधवार, नवव्याला गुरुवार," ही कॅलेंडरवर बोट फिरवत म्हणाली. त्या कॅलेंडरवर एकादशी, संकष्टी आणि पाणी एकाच शाईनं लिहिलेलं असतं. "म्हणजे शुक्रवारी पहाटे निघायचं. पाण्याचा दिवस सोडून."

पुतण्याला कळेना. "काकू, घर बंद असताना पाणी लागतंय कशाला?"

"आल्यावर काय लावणार? तुझा फील?"

मधल्या काळात माझी तयारी चालू होती. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जायचं असं ठरलं. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी एक फेरी आणि एका जुन्या मित्राशी पाऊण तास गप्पा. तिसऱ्या दिवसापासून नुसत्याच गप्पा. मग मेहुणा आला आणि मला येळ्ळूरच्या राजहंसगडावर घेऊन गेला. गडावर रस्ता आहे, ही गोष्ट चालणाऱ्याचं मन फार खचवणारी असते. अर्ध्या चढावर माझ्या उजव्या गुडघ्यातून असा आवाज आला की पुढं चाललेल्या जोडप्यानं वळून बघितलं. उरलेला गड मी एका ओळखीच्या टेंपोतून सर केला. वर वारा मात्र असा सुटला होता की विचारू नका. खाली सगळं बेळगाव पसरलेलं, मळ्याकाठची नारळाची झाडं, आणि घरोघरी गच्चीवर काळ्या टाक्या. इतक्या टाक्या की वरून बघणाऱ्याला वाटावं, पाण्याची इथं काय ददात असणार!

रिसॉर्टचा फॉर्म आला. पोहता येतं का, असा रकाना होता. मेहुण्यानं लिहिलं, "डबा बांधून." आमच्या पिढीतले सगळे तसेच शिकलो. पाठीला हवाबंद डबा आणि काठावरून काकांची लाथ. फॉर्ममध्ये त्यासाठी वेगळी खूण नव्हती. वजनाचाही रकाना होता. तो मी जरा सरकारी पद्धतीनं भरला.

मग राफ्टिंगची चौकशी केली. पुतण्या समजावून सांगू लागला, "काकू, नदीला एरवी पाणी कमी असतं. वीज करायला धरणातून पाणी सोडलं की प्रवाह येतो, तेव्हाच राफ्टिंग."

"आणि किती वाजता सोडतात?"

"ते आधी नक्की सांगता येत नाही. तयार राहायचं."

ही त्याच्याकडं बघतच राहिली. "म्हणजे सात माणसांनी नव्वद-शंभर किलोमीटर जायचं, पैसे भरायचे आणि तिथं जाऊन पाणी कधी सोडतात त्याची वाट बघत बसायचं?"

पुतण्यानं त्या दिवशी दुसरा कुठलाच विषय काढला नाही.

एवढ्या सामानासकट बसनं जाणं जमणार नाही हे गुरुवारी दुपारी लक्षात आलं. धपाटे, शेंगाची चटणी, दह्याचा डबा, वाटेत खायला भडंग, रिसॉर्टवाल्याला द्यायला कुंदा (त्याला का, ते हिलाच ठाऊक), आईची औषधं आणि पुतण्यानं पुण्याहून आणलेली, फुगवायची, हिरव्या रंगाची कयाक. चार शून्य तिकिटांवर पाणी सोडून ट्रॅक्स ठरवली. बुधवार कोरडा गेला होता. गुरुवारही रात्री अकरापर्यंत कोरडाच.

"उद्या येणार बघा," ही अंथरुणात पडून म्हणाली. "मला ठाऊकच होतं."

पहाटे सव्वातीनला भिंतीपलीकडून अक्कांची हाक आली, "नीर बंतु!" म्हणजे पाणी आलं. या दोन शब्दांपुरता आमच्या गल्लीत भाषावाद नाही. मराठी, कानडी, उर्दू, सगळी घरं एकदम उठली. मोटारी सुरू झाल्या आणि आमची, अर्थातच, सुरू झाली नाही. मग साखळी लावली. खालच्या टाकीशी मेहुणा, जिन्यात मी आणि लेक, गच्चीवर पुतण्या. त्याची मुलं तांब्या, लोटे, मिळेल ते घेऊन धावत होती. आईनं दारात खुर्ची टाकून मोजणी सुरू केली. बादल्या, घागरी, कुकर, लग्नात आलेला तो कधीच न वापरलेला मोठा डबा, सगळं भरलं. शेवटी धाकट्या पोरानं विचारलं, "कयाकमध्ये पण भरायचं?" आणि हिनं खरोखर क्षणभर विचार केला.

पावणेपाचला पुतण्या जिन्यातच बसला. त्याच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. अकरा हजार पावलं, चढलेले मजले बावन्न. घड्याळानं त्याचं अभिनंदन केलं. "काका," तो धापा टाकत म्हणाला, "हे तुम्ही दर आठवड्याला करता?"

"मोटार चालू असली तर नाही."

पाचला दारात ट्रॅक्सचा हॉर्न वाजला. आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत भिजलेलो आणि पिंप अजून चार बोटं रिकामं. हिनं ड्रायव्हरच्या हातात एक कळशी दिली. त्यानं काही न विचारता चपला काढल्या, चार खेपा केल्या आणि मग घाम पुसत म्हणाला, "मालक, एक सांगायचं राहिलं. दोन रात्रींचं जमणार नाही. आमच्या गल्लीला उद्या पाणी हाय. मला आज रात्री माघारी यायला पाहिजे."

कुणीच काही बोलेना. पुतण्या ओल्या कयाककडं बघत होता.

"मग लांब कशाला जाताय?" आई खुर्चीतून म्हणाली. "धपाटे घ्या आणि राकसकोपाच्या अंगाला चला. किती फूट राहिलंय तेवढं बघून येऊ."